सुटलेला झेल आणि ओमाहाचा पराभव: आर्कान्साच्या बेसबॉल चाहत्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्कान्सा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, बेन्टनव्हिल आणि फेयेटव्हिलच्या परिसरात, नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे आता बरीच आहेत. जून महिना आला की इथले शेजारी आणि सहकारी अचानक लाल टोप्या घालून हळवे का होतात, हा प्रश्न नव्याने आलेल्या प्रत्येकाला पडतो. गेली काही वर्षे पुन्हापुन्हा विचारले गेलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. 2025 च्या हंगामापर्यंतचा हिशेब यात धरला आहे.

1. सगळे ज्या पराभवाबद्दल बोलतात, तो नेमका कोणता?

आर्कान्सा विद्यापीठाचा बेसबॉल संघ, म्हणजे रेझरबॅक्स, ज्याला इथे लाडाने ‘हॉग्ज’ म्हणतात, 2018 साली कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे महाविद्यालयीन बेसबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेतील ओमाहा शहरात होणाऱ्या शेवटच्या टप्प्याच्या, अंतिम फेरीत ऑरेगन स्टेट विद्यापीठाकडून हरला. अंतिम फेरी तीन सामन्यांची होती. पहिला सामना आर्कान्साने 4-1 असा जिंकला होता आणि दुसऱ्या सामन्यात विजेतेपद अवघ्या एका बळीवर आले असताना एक सोपा वाटणारा उंच चेंडू तीन क्षेत्ररक्षकांच्या मध्ये जमिनीवर पडला. तो सामना गेला आणि दुसऱ्या दिवशी तिसराही गेला. इथे कोणी नुसते ‘तो चेंडू’ म्हणाले, तरी कोणता हे विचारावे लागत नाही. त्या रात्रीचा तपशील प्रश्न 4 मध्ये दिला आहे.

2. महाविद्यालयीन मुलांच्या खेळासाठी मोठी माणसे एवढी का रडतात?

आर्कान्सामध्ये अमेरिकेच्या कोणत्याही प्रमुख व्यावसायिक लीगचा संघ नाही. बेसबॉलचे दुय्यम श्रेणीचे संघ आहेत, स्प्रिंगडेलला एक आणि नॉर्थ लिटल रॉकला एक. परंतु त्यांचे खेळाडू वर येण्याच्या वाटेवरचे पाहुणे असतात, ते आज इथे असतील तर उद्या दुसऱ्या राज्यात. त्यामुळे संपूर्ण राज्याची निष्ठा एकाच विद्यापीठाच्या संघांवर एकवटलेली आहे, आणि ज्याने त्या विद्यापीठाचे दार कधी पाहिले नाही, असा गॅरेजवालासुद्धा ‘आपण हरलो’ असेच म्हणतो.

त्यात बेसबॉलचे दुखणे वेगळे आहे. हा संघ 2025 पर्यंत बारा वेळा ओमाहाला पोहोचला आणि एकदाही विजेता झाला नाही. 1979 साली अंतिम सामन्यात कॅल स्टेट फुलर्टनकडून 2-1 असा हरला आणि त्यानंतर विजेतेपदाच्या सर्वांत जवळ तो 2018 मध्येच गेला. सदैव तळाशी राहणाऱ्या संघाचा चाहता लवकर शहाणा होतो. दरवर्षी उंबरठ्यापर्यंत जाऊन परतणाऱ्या संघाच्या चाहत्याला ती सोय नसते.

3. ही स्पर्धा चालते कशी? एकदा हरूनही संघ बाहेर का पडत नाही?

नियमित हंगाम संपल्यावर 64 संघ निवडले जातात. चार-चार संघांचे सोळा गट सोळा ठिकाणी खेळतात, त्यांना ‘रिजनल’ म्हणतात. येथे दुहेरी बाद पद्धत असते, म्हणजे संघ दोनदा हरला तरच घरी जातो. उरलेले सोळा संघ जोडीजोडीने तीन सामन्यांची ‘सुपर रिजनल’ खेळतात आणि त्यातून निघालेले आठ संघ नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी जातात. ओमाहाला ही स्पर्धा 1950 पासून होत आहे. तिथे पुन्हा चारचारांचे दोन गट पडतात, पुन्हा दुहेरी बाद पद्धत असते आणि दोन गटविजेत्यांमध्ये तीन सामन्यांची अंतिम फेरी होते. ही तीन सामन्यांची पद्धत 2003 पासूनची आहे.

नवख्यांचा गोंधळ होतो तो असा, की गटातला पराभव अंतिम फेरीत मोजला जात नाही. 2018 मध्ये आर्कान्सा टेक्सस, टेक्सस टेक आणि फ्लोरिडा यांना हरवून गटात अपराजित राहिला होता; ऑरेगन स्टेट पहिलाच सामना नॉर्थ कॅरोलायनाकडून हरून, मागच्या दाराने, लागोपाठ चार सामने जिंकत आला होता. तरीही अंतिम फेरीत दोघांची पाटी कोरीच होती.

4. 27 जून 2018 च्या रात्री काय घडले?

बुधवारची रात्र होती. पावसामुळे पहिला सामना सोमवारऐवजी मंगळवारी झाला होता आणि तो आर्कान्साने जिंकला होता. दुसऱ्या सामन्यात नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात आर्कान्सा 3-2 असा पुढे होता, ऑरेगन स्टेटचे दोन खेळाडू बाद झाले होते (तीन बाद झाले की डाव संपतो) आणि बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पूर्ण होण्याआधीच्या शेवटच्या थांब्यावर, उभी होती. बॅटर केडिन ग्रेनियरने मारलेला चेंडू उजवीकडे, पहिल्या बेसच्या पलीकडे, फाउल रेषेच्या बाहेर उंच उडाला. पहिल्या बेसवरचा, दुसऱ्या बेसवरचा आणि राइट फिल्डमधला, म्हणजे मैदानाच्या उजवीकडच्या बाहेरच्या भागातला, असे तिघेजण तीन दिशांनी धावले, आणि चेंडू त्यांच्या मधोमध पडला.

ग्रेनियरला जीवदान मिळाले. त्याच खेळीत त्याने एकेरी फटका मारून बरोबरी साधली, पाठोपाठ ट्रेव्हर लार्नाकने आर्कान्साच्या मॅट क्रोनिनच्या चेंडूवर दोन धावांचा होम रन, म्हणजे थेट भिंतीपलीकडे जाणारा फटका, मारला आणि ऑरेगन स्टेट 5-3 असे जिंकले.

आम्ही काही कुटुंबे तो सामना एकत्र बसून पाहत होतो. चेंडू हवेत असतानाच एका वहिनींनी फेयेटव्हिलच्या डिक्सन स्ट्रीटवर जल्लोषाला जायचे म्हणून गाडीची किल्ली उचलली होती. पुढचा अर्धा तास ती किल्ली त्यांच्या मुठीतच होती. शेवटी त्यांनी ती टेबलावर, पोह्यांच्या रिकाम्या बशीत ठेवली आणि कोणीच काही बोलले नाही.

5. चेंडू फाउल होता, मग झेलाने काय फरक पडला असता?

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, कारण क्रिकेटमध्ये चेंडू चारी दिशांना मारता येतो आणि ‘बाहेर’ असे काही नसते. बेसबॉलमध्ये दोन रेषांच्या बाहेर गेलेला चेंडू फाउल ठरतो आणि त्यावर एकेरीसुद्धा मिळत नाही; मात्र तो जमिनीवर पडण्याआधी झेलला, तर बॅटर बादच असतो. म्हणजे तो झेल घेतला असता, तर तिसरा बळी मिळून सामना, मालिका आणि विजेतेपद त्याच क्षणी आर्कान्साचे झाले असते.

झेल सुटल्यास फाउल हा स्ट्राइक म्हणून मोजला जातो, आणि तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद होतो. परंतु आधीच दोन स्ट्राइक असतील, तर आणखी कितीही फाउल मारले तरी तिसरा स्ट्राइक लागत नाही आणि बॅटर खेळत राहतो. याला एक अपवाद आहे: दोन स्ट्राइक असताना बॅट आडवी धरून हळूच टेकवलेला चेंडू, ज्याला ‘बंट’ म्हणतात, फाउल गेला तर बॅटर बाद होतो.

6. तिघांपैकी तो झेल खरा कोणाचा होता?

लहानपणी मैदानात उंच झेल उडाला, की कोणीतरी ‘माझा, माझा!’ असे ओरडायचे आणि बाकीचे बाजूला व्हायचे. बेसबॉलची रीतही तीच आहे. सर्वसाधारण संकेत असा, की चेंडूकडे तोंड करून पुढे धावत येणाऱ्या बाहेरच्या क्षेत्ररक्षकाला, पाठमोरे मागे धावणाऱ्या आतल्या क्षेत्ररक्षकांपेक्षा अग्रहक्क असतो, कारण त्याला चेंडू समोर दिसतो. दुसऱ्या बेसवरच्याला पहिल्या बेसवरच्यापेक्षा चेंडूखाली जाण्याचा कोन बहुधा बरा मिळतो, म्हणून त्या दोघांत तो पुढे होतो.

कागदावर हे स्वच्छ आहे. प्रत्यक्षात अंतिम फेरीतल्या गर्दीच्या गोंगाटात शेजारच्याचा आवाज ऐकू येत नाही, आणि ज्याच्या सर्वांत जवळ चेंडू पडतो, त्याच्या नावावर तो कायमचा लागतो. येथे तो दुसऱ्या बेसवरच्या कार्सन शॅडीच्या नावावर लागला. शॅडी फेयेटव्हिलचाच मुलगा. घरचा मुलगा म्हणून त्याला जास्त माया मिळाली आणि तेवढ्याच हक्काने जास्त बोलही लागले.

7. मग झेल सुटल्यामुळेच विजेतेपद गेले, असे म्हणायचे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्यावर घरोघरी वाद होतात, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहे. येथे दोन विधाने एकमेकांत मिसळली जातात. झेल घेतला असता तर आर्कान्सा जिंकला असता, हे विधान निर्विवाद आहे. खेळात असे ‘असते तर’ क्वचितच एवढे पक्के असते. झेल सुटला म्हणून आर्कान्सा हरला, हे विधान मात्र टिकत नाही. चेंडू जमिनीवर पडला तेव्हाही आर्कान्सा 3-2 ने पुढे होता, दोन जण बाद होते आणि एकच बळी हवा होता. म्हणजे परिस्थिती चेंडू टाकण्यापूर्वी होती, जवळजवळ तशीच होती. संघाने त्या चेंडूवर काहीही गमावले नव्हते, फक्त मिळवायचे राहून गेले होते. सामना गेला तो ग्रेनियरच्या फटक्याने आणि लार्नाकच्या होम रनने.

लार्नाक हा काही नशिबाने फटका बसलेला खेळाडू नव्हता. व्यावसायिक संघ ज्यात नवे खेळाडू निवडतात, त्या त्याच महिन्यात झालेल्या निवडीत तो पहिल्या फेरीत, विसाव्या क्रमांकावर निवडला गेला होता; त्याच संघातला निक मॅड्रिगल चौथ्या क्रमांकावर गेला होता, आणि यष्टीरक्षकाच्या जागी खेळणारा अ‍ॅडली रचमन पुढच्या वर्षी देशात पहिला निवडला गेला. अशा फळीला एकदा जीवदान दिल्यावर ती हात जोडून परत जाईल, ही अपेक्षाच चुकीची होती.

चाहत्याला मात्र दोन विधानांतला हा फरक पचत नाही, आणि त्याचे कारण मला समजते. दुसऱ्याने चांगला खेळ केला, हे दुःख पसरट असते, ते कुठे धरावे हे कळत नाही. सुटलेल्या झेलाला ठिकाण असते, वेळ असते, चेहरा असतो.

8. तिसऱ्या सामन्याबद्दल कोणी का बोलत नाही?

कारण त्यात हळहळायला जागाच नव्हती. 28 जूनला ऑरेगन स्टेटचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी केविन एबल याने पूर्ण नऊ डाव टाकले, 129 चेंडू टाकले, दहा जणांना स्ट्राइकवर बाद केले, फक्त दोन फटके दिले आणि शेवटचे वीस बॅटर ओळीने परतवले. निकाल 5-0. एकाच कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये चार सामने जिंकणारा तो पहिला पिचर (चेंडू टाकणारा) ठरला.

आदल्या रात्रीच्या धक्क्याने आर्कान्साचे खेळाडू मनाने खचले होते, असे चाहते सांगतात. असेलही. पण आर्कान्साचा एकही खेळाडू धाव काढू शकला नाही याचे श्रेय धक्क्याला द्यायचे, की त्या मुलाच्या उजव्या हाताला, याचे माझे उत्तर ठरलेले आहे.

9. 2021 चा पराभव 2018 पेक्षा वाईट होता, असे काहीजण का म्हणतात?

2018 मध्ये आर्कान्सा चांगला संघ होता. 2021 मध्ये तो देशातला सर्वोत्तम मानला जात होता. आर्कान्सा ज्या विद्यापीठगटात खेळतो, त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समधल्या दहाही मालिका त्याने जिंकल्या, कॉन्फरन्सची स्पर्धाही जिंकली आणि राष्ट्रीय स्पर्धेत त्याला पहिले मानांकन मिळाले. सुपर रिजनल घरच्या मैदानावर, नॉर्थ कॅरोलायना स्टेटविरुद्ध होती, आणि पहिला सामना आर्कान्साने 21-2 असा जिंकला. 21-2! त्या रात्री लोकांनी ओमाहाची हॉटेले पाहायला घेतली होती.

दुसरा सामना 6-5 असा गेला. तिसऱ्यात प्रशिक्षक डेव्ह व्हॅन हॉर्न यांनी हंगामभर शेवटच्या डावांत आणलेल्या केविन कॉप्सला सुरुवातीपासून उतरवले. त्याने आठ डाव ओढून नेले, नवव्यातही तोच आला आणि होजे टोरेसने त्याला होम रन मारला, 3-2. कॉप्सला त्या वर्षी देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा ‘गोल्डन स्पाइक्स’ पुरस्कार मिळाला, म्हणजे हरवणारा चेंडू सर्वांत भरवशाच्या हातून गेला. त्याला ताजेतवाने होण्याइतकी विश्रांती मिळाली नाही, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण त्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या हाती चेंडू दिला असता आणि संघ हरला असता, तर हेच आक्षेप घेणारे ‘कॉप्स कुठे होता?’ असे विचारत बसले असते.

10. नॉर्थ कॅरोलायना स्टेटला नंतर स्पर्धेबाहेर काढले, मग आर्कान्साला परत का बोलावले नाही?

जून 2021 च्या अखेरीस कोविडच्या नियमांमुळे नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा ओमाहामधील पुढचा सामना झालाच नाही असे घोषित करण्यात आले आणि प्रतिस्पर्धी व्हँडरबिल्ट अंतिम फेरीत गेला. आधीच्या फेरीत हरलेल्या संघाला मधूनच आणून बसवण्याची तरतूद या स्पर्धेत नाही. सुपर रिजनलचा निकाल त्या निर्णयाने बदलला नाही. त्या आठवड्यात आर्कान्साच्या अनेक चाहत्यांना आपल्याला हरवणाऱ्या संघाबद्दल मनापासून वाईट वाटले, हे मी स्वतः पाहिले आहे.

11. 2025 चा पराभव 2018 सारखाच होता का?

दिसायला सारखा, हिशेबाने वेगळा. 16 जून 2025 रोजी गेज वुडने मरे स्टेटविरुद्ध एकही फटका न देता 19 जणांना स्ट्राइकवर बाद केले. कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये 1960 नंतर असे प्रथमच घडले. या आनंदाला दोन दिवस होत नाहीत तोच, 18 जूनला लुईझियाना स्टेटविरुद्ध आर्कान्सा शेवटच्या डावात 5-3 ने पुढे असताना, लुईस हर्नांडेझने मारलेला चेंडू टिपायला गेलेला लेफ्ट फिल्डमधला चार्ल्स डॅव्हलन घसरला, चेंडू त्याच्या अंगाला लागून उडाला आणि दोन धावा होऊन बरोबरी झाली. नंतर जॅरेड जोन्सचा फटका दुसऱ्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकाच्या ग्लोव्हला चाटून गेला आणि 6-5 असा निकाल लागला.

फरक असा: डॅव्हलन घसरला नसता तर आर्कान्सा तो सामना जिंकला असता, विजेतेपद नव्हे, अंतिम फेरीसुद्धा नव्हे. लुईझियाना स्टेट तोपर्यंत गटात एकही सामना हरलेला नव्हता, त्यामुळे दुहेरी बाद पद्धतीप्रमाणे (प्रश्न 3 पाहावा) दुसऱ्या दिवशी त्यालाच पुन्हा हरवावे लागले असते. ‘पुन्हा तेच झाले’ म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे. शिवाय पाय घसरणे आणि झेलासाठी हाक न देणे या एकाच जातीच्या चुका नाहीत. पहिलीला चूक म्हणावे की नाही, हाच प्रश्न आहे.

12. घरच्या मैदानावर लवकर बाद होणे अधिक लागते, की ओमाहात हरणे?

घरी हरल्यावर राग येतो, ओमाहात हरल्यावर दुःख होते. 2023 मध्ये टीसीयूने (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) आणि 2024 मध्ये कॅन्सस स्टेट व साउथईस्ट मिसूरी स्टेटने आर्कान्साला फेयेटव्हिलच्या रिजनलमध्येच गाठले. त्या दोन्ही वेळी चार दिवसांत सगळे शांत झाले होते.

13. खेळाडूंना समाजमाध्यमांवर बोल लावणे चाहत्यांना शोभते का?

नाही. भावनेपेक्षा व्यवहाराने पाहिले तरी नाही. 2018 मध्ये ही मुले बहुतेक अठरा ते बावीस वर्षांची होती आणि त्यांना खेळाबद्दल मानधन घेण्याची मुभा नव्हती. ती जुलै 2021 नंतर, स्वतःचे नाव आणि प्रतिमा वापरू देण्याच्या मोबदल्याच्या रूपाने आली. त्या काळी संपूर्ण बेसबॉल संघासाठी 11.7 शिष्यवृत्त्यांची कमाल मर्यादा होती आणि ती पंचवीस-सत्तावीस मुलांत वाटली जात असे. म्हणजे ज्याच्यावर तुम्ही ‘पैसे घेऊन झेल सोडतो’ असे ओरडत होता, तो बहुधा स्वतःच्या शुल्काचा काही भाग घरून भरत होता.

आता पैसे मिळतात म्हणून शिव्यांचीही मुभा मिळाली, असा युक्तिवाद अलीकडे ऐकू येतो. टीका खेळावर असावी. मुलाच्या आईला संदेश पाठवणे ही टीका नव्हे.

14. प्रशिक्षक बदलावा, अशी मागणी दर जूनमध्ये का उठते? तिच्यात तथ्य आहे का?

आर्कान्साच्या बारा ओमाहावाऱ्यांपैकी आठ डेव्ह व्हॅन हॉर्न यांच्या काळातल्या आहेत. त्यांनी 2003 च्या हंगामापासून संघ सांभाळला आहे आणि 1982 मध्ये ते स्वतः याच संघातून खेळले होते. विजेतेपद नाही, हे खरे. परंतु माणूस बदलल्याने एकाच सामन्यातला एकच चेंडू नीट झेलला जाईल, याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि आठ वेळा दारापर्यंत नेणारा दुसरा माणूस सहज मिळेल असेही नाही. पिचर कधी बदलावा यावर त्यांच्याशी वाद घालावा. तो वाद कधी संपणार नाही.

15. ऑरेगन स्टेटचे चाहते त्या चेंडूकडे कसे पाहतात?

त्यांच्या दृष्टीने 2006 आणि 2007 नंतर आलेल्या तिसऱ्या विजेतेपदाच्या कथेतला तो एक परिच्छेद आहे. पहिला सामना हरून परत उभे राहिलेला संघ, रचमनची त्या मालिकेतली कामगिरी, एबलचे चार विजय, नंतर निवृत्त झालेले प्रशिक्षक पॅट केसी, हे त्यांचे मुख्य विषय. आपण ज्यावर सात वर्षे खल केला, ते समोरच्याला जेमतेम आठवते, याचा नीट विचार केल्यास थोडे बरे वाटते.

एक योगायोगही सांगण्यासारखा आहे. ज्याचा झेल सुटला तो ग्रेनियर आणि अंतिम फेरीचा पहिला सामना जिंकून हंगामात 14-0 असा अपराजित राहिलेला आर्कान्साचा पिचर ब्लेन नाइट, या दोघांनाही त्याच वर्षी बाल्टिमोर ओरिओल्स या व्यावसायिक संघानेच निवडले होते.

16. पराभवाच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयात सहकाऱ्यांशी काय बोलावे?

‘शेवटी खेळच आहे’ हे वाक्य टाळावे. ‘क्रिकेटमध्ये 2003 ला आमचंही असंच झालं होतं’ हेही पहिल्या दिवशी नको, कारण त्यावर आधी क्रिकेट समजावून सांगावे लागते. पिचर बदलायला हवा होता का, एवढे विचारावे आणि मग ऐकून घ्यावे. साधारण वीस मिनिटे लागतात.

17. एवढे वाचल्यावर सामना पाहावासा वाटतो. काय करावे?

हंगाम फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो. फेयेटव्हिलच्या बॉम-वॉकर स्टेडियममध्ये तेव्हा चांगलीच थंडी असते, म्हणून जाकीट आणि बसायला जाड सतरंजी न्यावी. लेफ्ट फिल्डच्या भिंतीपलीकडे ‘हॉग पेन’ नावाचा भाग आहे. मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्यांना तोच बरा. धातूच्या बॅटचा ‘टिंग’ आवाज पहिल्यांदा खटकतो, तिसऱ्या डावापर्यंत सवय होते. ‘वू पिग सूई’ची आरोळी सुरू झाली, की उभे राहून दोन्ही हात वर करावेत आणि बोटे हलवावीत, आरोळी तीनदा होते आणि ‘रेझरबॅक्स’ने संपते. आणि जवळपास उंच फाउल उडाला, तर शेजारचे आजोबा चेंडू खाली येईपर्यंत श्वास रोखून का बसतात, हे त्यांना विचारू नये. प्रश्न 4 पाहावा.